चुन्याच्या रेषेआतलं वायफाय

राज्य लहान असो की मोठं, राजाची पारख त्याच्या सीमेवरून होते. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य वर्षातून एकदा तरी गंभीर चेहऱ्याने म्हणावं लागतं. मीही म्हणत आले. फक्त, सीमा राखणारा जो एकमेव राजा मी जवळून पाहिला, तो गंजीफ्रॉक घालायचा आणि त्याच्या राज्याची उत्तर सीमा पिठाच्या गिरणीच्या मधोमध जायची. गव्हाचा डबा राज्यात, पीठ परदेशात.

हा राजा म्हणजे आमचे भिवंडीचे घरमालक. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. पहिल्या मजल्यावर ते, त्यांच्या पत्नी माई आणि कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी नात. नातीचे आईवडील गावी, वळच्या घरी असायचे. दुसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहत होते. भाड्यात पाणी, वायफाय आणि नानांचे विचार ही तिन्ही धरलेली होती. त्यांपैकी पाणी एक दिवसाआड यायचं.

राज्य होतं ते या वायफायचं.

दर रविवारी सकाळी नाना फोन आडवा धरून इमारतीबाहेर पडायचे. विहिरीची जागा शोधणारा पाणाड्या हातावर नारळ ठेवून रानात फिरतो, तसे ते गल्लीतून हळूहळू चालायचे. फोनवरच्या वायफायच्या खुणेतली शेवटची कमान जिथे विझेल तिथे थांबायचे आणि मागून येणाऱ्या माईंना म्हणायचे, "टाक."

माईंच्या हातात फक्कीचं टमरेल असायचं. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखतात ती चुन्याची पूड. माई चिमूटभर टाकायच्या.

"दांडगी टाक गो. रांगोळी नाय घालायची."

"मंग टमरेल तुमी घ्या आन् फोन मना द्या."

फोन त्यांना कधी मिळाला नाही. ठिपके जोडले की गल्लीत एक वेडीवाकडी पांढरी रेषा तयार व्हायची. समोरच्या चाचांच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडपाशी ती एकदम आत वळायची, कारण पत्रा वायफाय अडवतो. कोपऱ्यावरच्या गिरणीत मात्र ती उंबरा ओलांडून शिरायची. दुपारपर्यंत टेम्पोंच्या चाकांनी ती पुसली जाई. नानांना त्याचं काही वाटत नसे. ज्यांनी पाहायला हवी त्यांनी पाहिलेली असायची.

गिरणीवाला हा नानांचा जुना दोस्त, म्हणजे रोज टोमणा मारण्याचा हक्क असलेला माणूस. तो पिठाने पांढरा, नाना चुन्याने. एका रविवारी तो म्हणाला, "नाना, दळण टाकाया आलेली बाई तुमच्या हद्दीत उभी ऱ्हाते आन् पीठ घ्याया भायेर जाते. तिना पासपोर्ट काढाचा का?"

"तिला येऊ दे," नाना म्हणाले. "तू तुजा फोन पिठाकडं ठेव."

मी एकदा न राहवून विचारलं, की वायफायला पासवर्ड असतो, मग ही रेषा कशासाठी. नाना मला जिन्यातच थांबवून सांगू लागले. "तुमी समजता म्याडम, का घर भिंतीपाशी संपतं. तसं नाय. ह्ये भिंतीतना भायेर जातं. म्हंजे तिकडं गिरणीत बसलेला मानूस तुमच्या घराच्या दाराला हात लावून बसलाय. त्यानं आत शिरून कुनाला शिवीगाळ लिवली, कुनाला फशिवलं, तं पोलीस गिरणीत नाय जानार. कनेक्शन कुनाच्या नावाचं? माज्या. मंग मना ठावं नको, माजं दार कुठवर हाय त्ये?"

याच विषयावरचा एक लेख मी पूर्वी वाचला होता. त्यात हेच होतं, फक्त आकृत्या जास्त होत्या.

सीमेचं हे वेड नानांना वायफायने लावलेलं नव्हतं. वळला त्यांची भातशेती होती. शेजारचा शेतकरी म्हणे दर पावसाळ्यात नांगराच्या एकेका तासाएवढा, म्हणजे चराएवढा, बांध कोरून आत घ्यायचा. नानांच्या वडिलांनी दावा लावला, नानांनी तो पुढे चालवला आणि शेवटी जिंकला. निकाल लागला तोवर दोन्ही शेतं गोदामाखाली गेली होती. नाना एकदा मला मुद्दाम तिथे घेऊन गेले. खोक्यांच्या दोन रांगांमधल्या रिकाम्या जागेत उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यो इथना आमचा." मग चपलेच्या टाचेने काँक्रीटवर रेघ ओढली. ती उमटली नाही.

तिथला सुपरवायझर धावत आला. "साहब, यहाँ मत खड़े रहो, फोर्कलिफ्ट आता है."

नाना बाजूला झाले. स्वतःच्या बाजूला.

अशा माणसाच्या घरी केबलवाल्याने वायफाय बसवलं तेव्हा पासवर्ड दिला एकपासून आठपर्यंतचे आकडे ओळीने. गल्लीत ज्याने ज्याने कनेक्शन घेतलं त्या सगळ्यांना त्याने हाच दिला होता. नानांना हा पासवर्ड फार आवडला होता, कारण तो पहिल्याच दिवशी पाठ झाला. नातीने पाहिलं आणि म्हणाली, "नाना, ह्याला कुलूप नाय बोलत. ही नुसती कडी हाय. कोन पण हात घालून काढंल."

त्या दिवसापासून नानांनी विषय हातात घेतला. राऊटरच्या पोटाखाली कंपनीची एक पट्टी असते. राऊटरच्या आत शिरून त्याची रचना बदलायची असेल, तर लागणारा पासवर्ड तिच्यावर छापलेला असतो. नातीने आत जाऊन तो बदलला. पासवर्डशिवाय जोडून घेण्याचं जे बटण असतं तेही तिने निकामी केलं. हे सगळं पाहून नानांनी आपल्या परीने त्या पट्टीवर वज्रेश्वरीदेवीचा फोटो चिकटवला. "आता उचकट म्हनावं कुनाला पन," ते म्हणाले. पुढे राऊटरला कुणी हात लावला नाही. यात नातीचा वाटा किती आणि देवीचा किती, हे सांगता येणार नाही.

उरला तो वायफायचा पासवर्ड. नातीने नियम सांगितले होते. लांब असावा, अक्षरांबरोबर आकडा असावा, एखादं चिन्ह असावं, आणि तो कुठेही लिहू नये, कुणालाही मोठ्याने सांगू नये. शेवटचा नियम नानांना फार पटला. नाव फक्त कानात सांगायचं, अशी एकच रीत त्यांना ठाऊक होती. ती बारशाची. आणि बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्येचा.

म्हणून एका शनिवारी नानांची थोरली बहीण, जिला सगळेच आत्या म्हणायचे, गावाहून आली. शेजारच्या बायकांना बोलावणं गेलं, कारण बायकांशिवाय बारसं नसतं. पाटावर राऊटर ठेवला होता, भोवती रांगोळी होती. पाळण्यात घालायचं तेवढं राहिलं होतं, आणि तेही वायर पुरली नाही म्हणून. मी हे सगळं गंभीर चेहऱ्याने पाहिलं. मी राजांचे राज्याभिषेक शिकवते, त्यामुळे मला सवय आहे.

आत्येने नाव आधीच ठरवून आणलं होतं. चंद्रकला.

"त्याच्या फुडं एक आकडा लाव, आत्येआजी," नात म्हणाली.

"नावात आकडा कशाला गो? पोर काय मोटार हाय?"

"आकडा नाय टाकला तं कोन पण वळखंल. आन् शेवटी ही चांदनी पन पायजे."

आत्येने चष्मा लावून ती चांदणी पाहिली. "चांदनी असू दे. बरी दिसते."

माई हातातल्या पातेल्यातल्या घुगऱ्या ढवळत होत्या. "माज्या लग्नात ह्यांनी माजं नाव बदललं," त्या मला म्हणाल्या, "तवा परातीतल्या तांदळात लिवलं होतं. अख्ख्या मांडवानं वाचलं. आन् ह्या डब्याचं नाव कानात."

मग आत्या वाकली. नातीच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. नातीने ते टाइप केलं, राऊटरचा दिवा हिरवा झाला. नानांनी हात जोडले. इथवर सगळं नियमाप्रमाणे झालं होतं.

पण बारशात कानात नाव सांगितल्यावर आणखी एक गोष्ट असते. आत्या ताठ उभी राहिली, बायकांकडे वळली आणि आयुष्यभरात कितीतरी पोरांच्या बारशाला कमावलेल्या आवाजात म्हणाली, "नाव ठेवलं चंद्रकला. त्याच्या फुडं एक, आन् मंग चांदनी."

बायकांनी नाव छान म्हटलं. घुगऱ्या वाटल्या गेल्या.

नानांनी आत्येला बाजूला घेतलं. मग हळूच म्हणाले, "आक्का, ह्ये बोलायचं नव्हतं."

"मंग घुगऱ्या कशाला शिजवल्या?" आत्येने विचारलं.

तिने स्वतःच्या वाटीत आणखी घुगऱ्या घेतल्या. 

संध्याकाळी आमच्या इमारतीच्या ओट्यावर शिफ्ट सुटलेले लूमवाले ओळीने फोन घेऊन बसले होते. समोरचे चाचा, ज्यांच्या लूमची खटखट आमच्या गल्लीत घड्याळापेक्षा भरवशाची होती, ते मुद्दाम गॅलरीखाली येऊन म्हणाले, "नाना, बच्ची का नाम बहोत अच्छा रखा. नेट भी तेज है."

शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलला असता. नाना शहाणे होते, पण आत्येने ठेवलेलं नाव दुसऱ्या दिवशी बदलणं हा आत्येचा अपमान होता. त्यामुळे चंद्रकला राहिली. चाचांनी तर स्वतःचं कनेक्शन काढून टाकलं. नाना रविवारी रेषा आखत राहिले, आणि रेषेच्या आत बसायला गल्लीने पोती अंथरली. गिरणीवाल्याने स्टूल गव्हाच्या बाजूला हलवलं.

याच काळात चाचांनी एकदा त्यांना छेडलं होतं. "नाना, आदमी को तो रोक लोगे. लहर को कैसे रोकोगे?"

"लहर जाने दो चाचा," नाना आपल्या भिवंडी हिंदीत म्हणाले. "खाली उसके हात में कुछ नहीं आना चाहिये."

सुरक्षित वायफायची याहून बरी व्याख्या मी ऐकलेली नाही. ती एका ओट्यावर, त्याच वायफायवर कुस्तीचे व्हिडिओ पाहणाऱ्या आठ-दहा जणांसमोर केली गेली, एवढीच तिच्यातली उणीव.

नातीचं शिक्षण संपलं आणि गोष्ट बदलली. एका कंपनीच्या नोकरीच्या शेवटच्या फेरीपर्यंत ती पोचली. काम घरूनच करायचं होतं. मुलाखतही घरूनच, सोमवारी सकाळी अकरा वाजता, कॅमेऱ्यासमोर. चेहरा दिसायलाच हवा अशी अट होती. तिच्या वडिलांचीही एक अट होती. ही नोकरी नाही लागली, तर वळला परत ये आणि गोदामाच्या ऑफिसात बस, गाड्यांच्या नोंदी कर. ती मला जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, त्या ऑफिसला खिडकी पन नाय." एवढंच. नानांनी हे ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "माजी नात गोदामात नाय बसनार. तिथं मी माजं शेत ठेवलंय, तेवढं बस झालं."

रविवारी दुपारी तिने मैत्रिणीबरोबर सराव केला. तिसऱ्या मिनिटाला मैत्रिणीला तिचा चेहरा तोंड उघडं ठेवून थांबलेला दिसू लागला आणि तसाच राहिला. नाना गॅलरीत गेले, खाली पाहिलं. ओटा भरला होता. कुठलीतरी मॅच चालू होती.

नाना आत आले आणि त्यांनी आत्येला फोन लावला. पासवर्ड बदलू का, अशी रीतसर परवानगी मागितली. आम्ही सगळे ऐकत होतो. 

"लगीन झालं का नाव बदलतंच," ती म्हणाली. "बदल."

नातीचं म्हणणं होतं की लगेच बदलू या, म्हणजे सगळं पुन्हा जोडून पाहता येईल. नानांना ते मान्य नव्हतं. आज बदलला तर उद्यापर्यंत गल्लीत पोचेल. पासवर्ड ते स्वतः बदलणार होते, आयत्या वेळी, कुणालाही न सांगता. या 'कुणालाही'त आपण नाही, असं नातीने धरलं होतं. कसा बदलायचा हे नातीने त्यांना शिकवलं होतं आणि ते त्यांनी तिच्यासमोर दोनदा, शेवटचं बटण न दाबता, करून दाखवलं होतं.

सोमवारी पहाटे त्यांनी पासवर्ड बदलला. मग भाच्याच्या टेम्पोत बसून अकलोलीला गेले. गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ करायची, मग वज्रेश्वरीला जाऊन नातीसाठी देवीपुढे नारळ ठेवायचा, असा बेत होता. निघताना माईंना म्हणाले, "आता कुनाचा बाप आत येनार नाय."

हे अक्षरशः खरं ठरलं.

साडेदहाच्या सुमारास माझं नेट चालत नाही हे लक्षात आलं म्हणून मी खाली उतरले. नात टेबलाशी बसली होती. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातला पायजमा. लॅपटॉप तिच्याकडे पासवर्ड मागत होता. चंद्रकला त्याला चालत नव्हती. माई दारात उभ्या होत्या. गॅलरीखालून चाचांचा आवाज आला, "नाना कहाँ हैं? चंद्रकला नहीं चल रही."

मी शहाणपणाने एकेक उपाय सुचवले. मोबाइलचं नेट? आमच्या गल्लीत ते दिवसा बैलगाडीच्या चालीने यायचं. आवाज गेला असता, चेहरा गेला नसता. राऊटरला वायर जोडून? तिच्या लॅपटॉपला वायर घालायची जागाच नव्हती. राऊटरचं ते जोडून घेण्याचं बटण? ते तिनेच निकामी केलं होतं. राऊटर पुसून पहिल्यापासून सुरू केला तर केबलवाल्याला बोलवावं लागलं असतं, आणि बोलावल्यावर येण्याबद्दल तो प्रसिद्ध नव्हता. दुसऱ्या कुणाचं कनेक्शन? चाचांचं पाहून गल्लीतल्या बाकीच्यांनीही आपापली काढून टाकली होती. नानांचं वायफाय त्या सकाळी जिल्ह्यातलं सगळ्यात सुरक्षित वायफाय असावं. त्यात कुणीच शिरू शकत नव्हतं.

नातीने नानांना लावलेला फोन बराच वेळ वाजला. तो कपड्यांबरोबर कुंडाच्या काठावर होता. शेवटी नानांनी उचलला. मागे पाण्याचा आणि माणसांचा कल्ला होता. नातीने स्पीकर लावला.

"नाना, नवीन पासवर्ड सांग."

"तुना कशाला पायजे? तू तं आतच हायस."

"आत कोनीच नाय, नाना. तू बदललास तवा सगळीच भायेर गेली."



"असं कसं," नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. "घरातला मानूस घरात असताना दार लावलं, तं तो भायेर कसा जाईल?"

मी आजवर अनेकांना हा प्रश्न सांगितला आहे. त्यातले काही इंजिनिअर होते. प्रश्न चुकीचा आहे हे सगळ्यांना कळतं. नानांचं काय चुकलं हे मात्र कुणालाच धड सांगता येत नाही.

"नाना, ते लोक अकराला येनार. सांग लवकर."

"मी येतो. कानात सांगतो."

"तू येशील तवर बारा वाजतील."  इतका वेळ ती सरळ बसली होती, आता तिने कपाळ टेबलाला टेकलं.

माईंनी फोन ओढून घेतला. "सांगता का नाय? पोरीचा जीव वर आलाय हितं."

"लय मानसं हायेत गो इथं. कुंड भरलंय."

"भरू दे."

  नाना म्हणाले, "म्याडम हायेत का तिथं? त्यांना द्ये."

मी फोन घेतला.

"म्याडम, एक सांगा. आपल्या रेषेपासना अकलोली किती लांब असंल?"

"वीस-पंचवीस किलोमीटर तरी, नाना."

"म्हंजे इथं कुंडातल्या मानसाला आपली रेंज नाय लागत."

"नाही लागत."

"मंग इथं वरडून सांगितलं तरी चालंल."

मी मान हलवली. फोनवर ते दिसत नाही हे लक्षात आल्यावर "चालेल" म्हटलं. पासवर्ड गुपित ठेवायचा तो रेषेच्या आतल्या लोकांपासून. रेषेबाहेर तो नुसता एक शब्द आहे. इतके रविवार आम्ही ज्या फक्कीला हसलो, तिने ऐन वेळी उत्तर दिलं होतं.

"आता तुमी समदी भायेर व्हा," नाना म्हणाले. "फोन तिच्या कानाला. स्पीकर काढा."

मी आणि माई गॅलरीत जाऊन उभ्या राहिलो. माईंनी दार ओढून घेतलं. आतून नातीचा आवाज आला, "काय? परत बोल."  मग कीबोर्डचा टकटक आवाज. चाचा खालून वर बघत होते, त्यांना माईंनी हाताने थांबा म्हटलं. त्यांनी काय समजायचं ते समजून ओट्यावरच्या दोघांना उठवलं आणि मागच्या बाजूचे दोन लूम बंद करायला माणूस पाठवला. आमच्या गल्लीत दिवसाउजेडी लूम बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही.

अकरा वाजता दाराआडून नातीचं इंग्रजी ऐकू येऊ लागलं. ते कुठेही अडकलं नाही, थांबलं नाही. माईंना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. त्या कठड्याला धरून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

नाना दुपारी आले. खांद्यावर ओला टॉवेल, हातात प्रसादाची पिशवी. नातीने मान डोलावली तसे ते गॅलरीत गेले आणि खालच्या रिकाम्या ओट्याकडे पाहत राहिले. मी शेजारी उभी होते. त्या सकाळी रेषेच्या आत फक्त एक माणूस होता, आणि तो घरचा होता. किल्ल्यावरून प्रदेश न्याहाळणाऱ्या राजांची चित्रं मी वर्गात पुष्कळ दाखवली आहेत. त्या चित्रांतल्या चेहऱ्यांवर काय असायला हवं होतं, ते मी त्या दुपारी पाहिलं.

संध्याकाळी गिरणीवाला स्टूल घेऊन गव्हाच्या बाजूला बसला होता आणि फोन बघत होता. नाना खाली उतरले. मी दळण आणायला गेले होते, म्हणून पुढचं सगळं ऐकलं.

"तुज्या फोनात काय चाललंय?"

"कुस्ती," गिरणीवाला म्हणाला. "नाना, मी कुंडात पलीकडच्या अंगाला होतो. कमरंसाठी जातो मी सोमवारी. हाक मारनार होतो, पन तुमी फोनवर होता."

"तू ऐकलंस?"

"कुंडातल्या समद्यांनी ऐकलं. दोनदा." मग तो जरा नरमला. "शेताचं नाव ठेवलंत, नाना. वडाखालचं खाचर. बरं वाटलं ऐकून."

हे खाचर म्हणजे वळचं तेच शेत, ज्याचा बांध आता गोदामाच्या काँक्रीटखाली आहे. नाव लांब होतं, पुढे आकडा होता, चांदणी होती. नातीच्या सगळ्या नियमांत बसत होतं.

नानांनी विचारलं, "कुंडात बाकीचे कुठले होते?"

"शहापूरकडचे असतील."

"मंग त्ये चालतील," नाना म्हणाले, आणि वर जाऊन पासवर्ड बदलला. या वेळी घरच्या सगळ्यांना पुन्हा आत घेतलं. नानांनी माईंच्या कानात सांगितलं, माईंनी वर येऊन माझ्या. गिरणीवाल्याने स्टूल पिठाच्या बाजूला नेलं. चाचांनी नवीन कनेक्शन घेतलं आणि त्याचा पासवर्ड काय ठेवावा, हे विचारायला ते नानांकडे आले. नानांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला, "आपको बहन है क्या?"

मी आता कल्याणला राहते. आमच्या सोसायटीत वायफायचा पासवर्ड ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेला आहे, पाहुण्यांच्या सोयीसाठी. लोक मला विचारतात, भिवंडीत कुठे राहायचात. मी सांगते, रेषेच्या आत. हे सांगताना मान जरा वर होते, हे मी नाकारत नाही.

नातीला ती नोकरी लागली. परवा तिचा फोन आला होता. नाना अजून रविवारी रेषा आखतात आणि माईंना अजून फोन मिळालेला नाही. कंपनीने तिला स्वतःचा लॅपटॉप पाठवला आहे. सुरक्षेच्या नियमानुसार त्यावर घरचं वायफाय वापरायला बंदी आहे. ती राऊटरला वायर जोडून काम करते. वायर दीड मीटरची आहे; तिची सीमा तिथेच संपते.